रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग

रविवारी सकाळी मुलांची मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की मुंबईत, वसईत, गोव्यात अनेक कॅथलिक चर्चच्या आवारात दुसरी गडबड सुरू होते. मुलं इयत्तेनुसार वेगवेगळ्या खोल्यांमध्ये जातात. या खोल्या बहुतेक वेळा शेजारच्या शाळेच्याच असतात. तिथे तासभर धर्मशिक्षण चालतं. शिकवणारे क्वचितच फादर किंवा सिस्टर असतात. बहुतेक जण संसारी माणसं: बँकेतली कर्मचारी, कॉलेजातली मुलगी, निवृत्त मास्तर. त्यांना यासाठी पगार नसतो. बाहेरच्या माणसाला हा मूल्यशिक्षणाचाच एखादा तास वाटतो, पण या वर्गाचं काम वेगळं आहे. जे मूल तान्हं असताना स्नानसंस्कार घेऊन चर्चचं झालं, त्याला आपण कशाचे झालो आहोत हे समजावून देणं आणि त्याला पुढच्या संस्कारांपर्यंत पायरीपायरीने नेणं, हे ते काम.

आधी संस्कार आणि मग शिक्षण, हा क्रम मुळात उलटा होता. पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती होऊ पाहणारा माणूस बहुधा प्रौढ असे आणि त्याला आधी शिकावं लागे, कधी कधी तीन वर्षांपर्यंत. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाची एक यात्रेकरू जेरुसलेमला गेली होती. तिने तिथली पद्धत लिहून ठेवली आहे: ईस्टरच्या आधीचे सात आठवडे बिशप स्वतः रोज सकाळी तीन तास उमेदवारांना शिकवत. आधी बायबलचा अर्थ, मग श्रद्धेचा मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारं ठरावीक पठण, एकेक वाक्य उलगडून. हा मतांगीकार तोंडी दिला जाई आणि उमेदवाराने तो पाठ करून सर्वांसमोर म्हणून दाखवायचा असे. प्रत्येकाबरोबर त्याची हमी घेणारा कोणीतरी उभा असे, कारण प्रश्न केवळ ज्ञानाचा नव्हता. हा माणूस शेजाऱ्यांशी कसा वागतो, आईवडिलांचा मान राखतो का, दारू पितो का, याचीही विचारपूस होई.

त्याच सुमारास, साधारण इ. स. ४०० मध्ये, कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या शिक्षकाने संत ऑगस्टीन यांच्याकडे गाऱ्हाणं मांडलं: शिकवताना माझं मलाच कंटाळवाणं वाटतं, काय करू? उत्तरादाखल ऑगस्टीन यांनी एक अख्खी पुस्तिका लिहिली. समोरचा जांभई द्यायला लागला तर त्याला बसायला द्या, काहीतरी वेगळं बोला, आणि मुख्य म्हणजे स्वतः आनंदाने शिकवा, असा सल्ला तिच्यात आहे. धर्मशिक्षकांच्या प्रशिक्षणात आजही ती पुस्तिका वाचावी असं मला मनापासून वाटतं. सोळाशे वर्षांत शिक्षकाची अडचण फारशी बदललेली नाही.

पुढे तान्ह्या मुलांचा स्नानसंस्कार सार्वत्रिक झाला आणि प्रौढांची ती दीर्घ तयारी मागे पडली. मग कित्येक शतकं धर्म शिकवला तो घराने, सणांनी आणि चर्चच्या भिंतींवरच्या चित्रांनी. वर्ग आणि पाठ्यपुस्तक आलं ते छपाईबरोबर. मार्टिन ल्यूथर यांची लहान प्रश्नोत्तरी १५२९ ची. कॅथलिकांकडून पीटर कनिशियस यांची १५५५ मध्ये आली. मिलानमध्ये १५३६ पासून सुटीच्या दिवशी मुलांना धर्म शिकवणाऱ्या शाळा सुरू झाल्या होत्या. रविवारच्या वर्गाचे पूर्वज ते हेच. ट्रेंटची धर्मपरिषद १५६३ मध्ये संपली आणि तिच्या आदेशाने १५६६ मध्ये जे अधिकृत पुस्तक निघालं, ते मुलांसाठी नव्हे, धर्मगुरूंसाठी होतं. आधी शिकवणाऱ्याला नीट कळलं पाहिजे, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडची कथा याच काळात सुरू होते. संत फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात उतरले. ते घंटा वाजवत रस्त्यांवरून फिरत, मुलांना आणि गुलामांना चर्चमध्ये बोलावत आणि प्रार्थना व आज्ञा चालीवर म्हणवून घेत. मुलं ती गाणी घरी नेत आणि मोठ्यांच्या कानावर घालत. १५७८ मध्ये कोल्लमला तमिळ लिपीत एक छोटं पुस्तक छापलं गेलं. भारतीय लिपीत छापलेलं ते भारतातलं पहिलं पुस्तक मानलं जातं, आणि ते धर्मशिक्षणाचं पुस्तक आहे.

मराठी वाचकाला यातलं सर्वांत जवळचं नाव अर्थातच फादर थॉमस स्टीफन्स यांचं. हा इंग्रज जेज्वीट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याचं बहुतेक आयुष्य सासष्टीत गेलं. त्याचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं: सुमारे अकरा हजार ओव्या, मराठी भाषा, लिपी मात्र रोमन. हे पुराण कशासाठी, ते त्याच्या आरंभीच कळतं. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणं आता आम्हांला वर्ज्य झाली, मग वाचायला आमच्या भाषेत दुसरं काही का देत नाही? त्या प्रश्नामागे दुःख आहे. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, जुने ग्रंथ जप्त होत होते, धर्मांतरामागे राज्यसत्तेचा जोर होता. हे बाजूला ठेवून ‘क्रिस्तपुराणा’चं कौतुक करणं अप्रामाणिक ठरेल. पण त्या प्रश्नाला स्टीफन्स यांनी जे उत्तर दिलं तेही तितकंच खरं आहे. माणसाला पाठ करायला दहा आज्ञा पुरत नाहीत. त्याला कथा लागते, चाल लागते, संध्याकाळी चार माणसांनी बसून ऐकायला काही लागतं. गोव्याच्या चर्चमधून रविवारी आणि सणावारी हे पुराण गाऊन वाचलं जाई. त्याच लेखकाची कोकणीतली प्रश्नोत्तरी त्याच्या मागे, १६२२ मध्ये छापून आली. मोठ्यांसाठी पुराण, मुलांसाठी प्रश्नोत्तरी: माझ्या मते या देशातला धर्मशिक्षणाचा हा सर्वांत सुविचारित आराखडा होता.

तो टिकला नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा मेली नाही, पण तिच्यात पुस्तकं लिहिण्याचा तो पहिला जोम ओसरला.

प्रश्नोत्तरी मात्र जगभर चालली, आणि ती कशी चालते हे पाहण्यासारखं आहे. प्रश्न छोटा, उत्तर एका वाक्याचं. उत्तरातला शेवटचा शब्द पुढच्या प्रश्नाला जन्म देतो. देव कोण, त्याने आपल्याला का निर्माण केलं, मग आपण काय करावं, असं करत करत मूल अख्ख्या धर्मसिद्धान्ताचा फेरा पूर्ण करतं. पाढ्यांसारखंच, अर्थ नंतर कळतो पण आकडा जागेवर असतो. आजच्या शिक्षणशास्त्राला घोकंपट्टी नको असते, आणि जी मुलं केवळ छडीच्या भीतीने उत्तरं म्हणत त्यांच्याबाबत ते रास्तच आहे. तरीही आजारी माणसाच्या उशाशी बसून जी प्रार्थना आपोआप ओठांवर येते, ती अशीच कधीतरी पाठ केलेली असते. पाठांतराचा दोष इतकाच की त्याने घरातल्या जगण्याची जागा घेतल्याचं सोंग आणलं.

विसाव्या शतकात दोन बदल झाले. १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी ठरवून दिलं की साधारण सातव्या वर्षी, बरंवाईट कळू लागलं की, मुलाने ख्रिस्तशरीर घ्यावं. त्याआधी त्यासाठी बहुधा दहा ते चौदा वर्षांचं व्हावं लागे. त्यामुळे धडे सात-आठ वर्षांच्या मुलाला कळतील असे करणं भाग पडलं. दुसरा बदल १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा. उपासना लोकभाषेत आली, बायबल वर्गात आलं आणि मुलाच्या अनुभवापासून धडा सुरू करावा हा विचार रुजला. भारतात फादर अमलोरपवदास यांनी १९६७ मध्ये बंगळूरला उभारलेल्या धर्मशिक्षणाच्या राष्ट्रीय केंद्राने हे काम पुढे नेलं. मग १९९२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी कॅथलिक चर्चची नवी धर्मशिक्षा, म्हणजे शिकवणुकीचा अधिकृत ग्रंथ, जाहीर केली. तिच्यात २,८६५ परिच्छेद आहेत आणि चार भाग: काय मानायचं, संस्कार कसे साजरे करायचे, कसं जगायचं, प्रार्थना कशी करायची. आजचे अभ्यासक्रम या चार खांबांवर उभे असतात.

आता पुन्हा रविवारच्या खोलीत जाऊ. खालच्या वर्गांत बायबलमधल्या गोष्टी, क्रुसाची खूण, ‘नमो मारिया’. साधारण तिसरी-चौथीच्या सुमारास पहिल्या कम्युनियनची, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेण्याची, तयारी येते आणि ती सर्वांत बारकाईने होते. आधी कबुली. मुलाला शिकवलं जातं की दिवसभराचं वागणं मनात आठवायचं, चुकलं ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं, फादर ते कोणाला कधीही सांगत नाहीत. शिक्षिका फळ्यावर प्रश्न लिहिते: मी खोटं बोललो का? कोणाला चिडवलं का? आईला उलट बोललो का? मग सराव. मिस्सेत वापरतात तशी पातळ, गोल, बेखमीर भाकर, अजून अर्पण न केलेली, मुलांना चाखायला देतात. पहिल्यांदा ती टाळूला चिकटते आणि मूल गोंधळतं, म्हणून. उजव्या हातावर डावा तळहात कसा ठेवायचा, ‘आमेन’ कधी म्हणायचं, हे पुन्हापुन्हा करून घेतात. या सरावातून मुलाला कळतं की आपण काहीतरी मोलाचं घ्यायला निघालो आहोत.

त्यानंतर किशोरवयात दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) संस्कार, आणि तिथेच गळती लागते. संस्कार मिळाला की मूल वर्ग सोडतं. पालकही दहावीच्या क्लासचं कारण देतात. हा दोष मी मुलांवर टाकणार नाही. पदवीदान समारंभासारखा जो संस्कार साजरा केला जातो, त्यानंतर शाळा सुटली असंच कोणालाही वाटेल.

कॅथलिक शाळांचा या सगळ्यातला वाटा मर्यादित आहे. राज्यघटनेच्या कलम २८ नुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कोणाला संमतीशिवाय धर्मशिक्षण देता येत नाही. म्हणून तिथे कॅथलिक मुलांचा धर्माचा तास असतो आणि बाकीच्यांचा नीतिशिक्षणाचा. हे योग्यच आहे. पण त्यामुळे खरा भार धर्मग्रामावर, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायावर, आणि घरावर येतो.

घरापाशीच आजची खरी अडचण आहे. वसईत आजी सामवेदी किंवा वाडवळी बोलते, प्रार्थना मराठीतून म्हणते, नातू इंग्रजी शाळेत जातो. वर्ग मराठीत घेतला तर त्याला शब्द अडतात, इंग्रजीत घेतला तर तो आजीबरोबर प्रार्थना म्हणू शकत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं ते साध्या मराठीत वाचता यावं म्हणून. पण ते उघडणारे हातच कमी झाले तर पुस्तक काय करणार? माझं मत असं की पाठ्यपुस्तक इंग्रजी असलं तरी प्रार्थना आणि गाणी घरच्या भाषेत शिकवावीत. आठ-दहा प्रार्थनांना फार वेळ लागत नाही, आणि त्या घरात दोन पिढ्यांना एकत्र बसवतात.

पुढची दिशा चर्चने स्वतःच आखली आहे, आणि ती मागे, एगेरियाच्या जेरुसलेमकडे जाते. प्रौढांच्या दीर्घ तयारीचा विधी १९७२ मध्ये पुन्हा सुरू झाला: चौकशी, स्वीकार, उपवासकाळाच्या आरंभी निवड, ईस्टरच्या पास्काजागरणाच्या रात्री संस्कार. २०२० च्या धर्मशिक्षणविषयक निर्देशिकेत म्हटलं आहे की सगळ्याच धर्मशिक्षणाने याच पद्धतीपासून प्रेरणा घ्यावी. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाचं काम अधिकृत सेवापद म्हणून स्थापलं आणि जानेवारी २०२२ मध्ये रोमला पहिल्या स्त्रीपुरुषांना ते बहाल केलं. संसारी शिक्षकाच्या कामावर एवढी स्पष्ट मोहोर पूर्वी उमटली नव्हती. त्याबरोबर जबाबदारीही येते. मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा पोक्सो कायदा रविवारच्या वर्गालाही लागू आहे, आणि शिक्षक निवडताना त्याची माहिती देणं टाळता येण्याजोगं नाही.

धर्मग्रामांनी आता करायचं ते अगदी ठोस आहे. स्नानसंस्काराआधी आईवडिलांसाठी होणारं एखादं व्याख्यान पुरत नाही. पहिल्या कम्युनियनच्या वर्षी मुलांच्या वर्गाला समांतर पालकांचा वर्ग ठेवावा, त्यात मुलं शिकतात तोच धडा मोठ्यांच्या पातळीवर घ्यावा, आणि त्या आठवड्याची प्रार्थना घरी सोबत म्हणायला द्यावी. हा वर्ग घ्यायला शिक्षक लागतील, आणि त्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी धर्मग्रामाच्या अंदाजपत्रकात वेगळी रक्कम लागेल. चर्चच्या छपरासाठी वर्गणी काढताना जी निकड दाखवली जाते, ती इथेही दाखवायला हवी.