कर्जालाही वय असते!

कर्जाला वय असते, ही गोष्ट सावकाराला तोंडपाठ असते. ऋणकोला मात्र ती कोणी सांगत नाही. १९६३ चा मुदतीचा कायदा म्हणतो, की विनातारण उसनवारीचा दावा तीन वर्षांत लावला पाहिजे. क्रेडिट कार्डाची थकबाकीही त्यातच मोडते. मुदत टळून आलेला दावा, प्रतिवादीने हरकत घेतली नाही तरी, कोर्टाने फेटाळावा असे कलम ३ बजावते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या निडीतले एक शेजारी माझ्याकडे कागद घेऊन आले. नागोठण्याला कंत्राटी कामावर असताना त्यांनी कार्ड घेतले होते. काम सुटले, बाकी राहिली. शेवटचा पैसा भरून सहा वर्षे लोटली होती. वसुलीवाला फोनवर मोठा गोड बोलत होता : "काका, एवढी सही करा, पाचशे रुपये भरा, पुढचे पुढे पाहू." कागदात मात्र 'सर्व बाकी फेडण्याचे कबूल करतो' अशी बारीक ओळ होती. मी म्हटले, "दादा, पैसे द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण ही सही विचार केल्याशिवाय नको."

कारण मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली, की तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजतात. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीने काही होत नाही. पण फेडण्याचे लेखी वचन दिले, तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम २५ त्या निपचित कर्जात प्राण फुंकते.

ही युक्ती काही आजची नव्हे. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. रयत सुटेल असे वाटले. पण घाटावरच्या सावकारांनी काय करावे? दर तीन वर्षांनी कुणब्याला बोलवायचे, मुद्दल-व्याजाची बेरीज हेच नवे मुद्दल म्हणून लिहायचे आणि अंगठा घ्यायचा! १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला लोकांनी वह्या-रोखे जाळले, ते उगाच नव्हे. पुढे १८७९ च्या कायद्यात उतारा म्हणून सरकारला मुदत उलट वाढवावी लागली.

मुदत टळली म्हणजे कर्ज नाहीसे झाले, असेही नाही. फक्त कोर्टाचे दार बंद होते. समन्स आले तर हजर राहून तारखा दाखवाव्याच लागतात. आणि घर गहाण असेल तर हा हिशेब लागू नाही. तिथे मुदत बारा वर्षांची आहे.