हनुवटीचा मार, रात्रीचा श्वास

पावसाच्या तोंडावर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जांभळं पिकतात आणि पोरं झाडावर चढतात. एखादं पोर हनुवटीवर आपटतं. टाके पडतात, जखम भरते, घरचे ते पडणं विसरतात. पण हनुवटीवरचा मार जबड्याच्या हाडातून कानापुढच्या सांध्यापर्यंत पोहोचतो. कधी तिथलं हाड मोडतं, सांध्यात रक्त साकळतं आणि दुर्लक्ष झालं तर काही मुलांत जबडा कवटीला हाडानेच जोडला जातो. कान फुटून आत पसरलेल्या संसर्गानेही असं होऊ शकतं.

तोंड उघडत नाही, हे घरच्यांना दिसतं. भाकरी दुधात कुस्करून भरवावी लागते. घशातलं नुकसान मात्र दिसत नाही. सांधा जखडला की खालच्या जबड्याची वाढ खुंटते, हनुवटी आत राहते. जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीलाच आतून बांधलेला असतो. हनुवटीचा हा खुंटा मागे राहिला की जीभही मागे राहते आणि तिच्यामागची श्वासाची वाट अरुंद होते. झोपेत स्नायू सैलावले की ती मिटते. पोर घोरतं, श्वास अडतो, ते दचकून जागं होतं. सरळ नळीत हवा संथ वाहत असेल, तर व्यास निम्मा होताच तेवढ्याच दाबाने हवेचा जेमतेम १६ वा हिस्सा पुढे जातो. घसा सरळ नळी नव्हे, तरी तिथल्या एकेका मिलिमीटरचं मोल यावरून कळतं.

म्हणून शस्त्रक्रियेचं यश तोंडात किती बोटं मावतात एवढ्यावरच मोजू नये. जोडलेलं हाड नुसतं कापून काढलं तर तोंड उघडतं. पण जबड्याच्या मागच्या भागाची उंची घटून तो आणखी मागे सरकू शकतो, श्वासाचा त्रास वाढू शकतो. कृत्रिम सांधा ही उंची भरून काढतो. त्यात कवटीकडे टणक पॉलिथिलीनची खोबण असते, जबड्याकडे धातूचा भाग. सीटी स्कॅनवरून तो रुग्णाच्या मापाने घडवता येतो आणि त्याच शस्त्रक्रियेत जबडा पुढे आणता येतो. जबड्यासोबत जीभ पुढे येते, वाट रुंदावते. ती किती रुंदावली हे स्कॅन सांगतो, झोप किती सुधारली हे झोपेची तपासणी. वाढत्या वयात मात्र अनेकदा दुसरा मार्ग घेतात: हाडाला काप देऊन, रोज साधारण १ मिलिमीटर ताणत जबडा लांबवतात.

या उपचारांसाठी शहापूरकरांना आसनगावहून लोकल, मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण. मग मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय. वाट लांबची आहे, म्हणूनच ती लवकर धरायला हवी. हनुवटीवर पडलेल्या मुलाची जखम भरली तरी काही महिने त्याचं तोंड पाहत राहा. त्याची स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का? आणि तो झोपला की दिवा मालवण्याआधी थोडा वेळ शेजारी बसून त्याचा श्वास ऐका.