घरदुरुस्तीच्या दिवसांत निजण्याची बंदिस्त खाट

रब्बीचें पीक खळ्यांतून घरांत आलें म्हणजे मृगाच्या आंत घराची डागडुजी उरकून घ्यावी, असा आपल्याकडील बहुतेक शेतकऱ्यांचा बेत असतो. कोणी माळवद उतरवून स्लॅब घालतो, कोणी कौलें चाळून वासे बदलतो, कोणी मातीची भिंत पाडून विटांची बांधतो. ह्या कामासाठीं वाळू, सिमेंट, लोखंड, गवंडी व सुतार यांचा हिशेब महिना महिना आधीं होतो; परंतु काम चालेल तितके दिवस घरांतील माणसें कोठें व कशीं निजणार, याचा विचार बहुधा पहिल्या रात्रीं, अंथरुणें हातांत घेतल्यावरच होतो. मग कोणी ओट्यावर, कोणी गोठ्याच्या पडवींत, तर कोणी कडब्याच्या गंजीच्या आडोशास पथारी टाकतो. ही हयगय किती महाग पडूं शकते, हें प्रस्तुत लेखकास गेल्या उन्हाळ्यांत कळून आलें. म्हणून चार गोष्टी येथें लिहीत आहें.

भिंतींतील बिऱ्हाडें

जुन्या मातीच्या भिंती, माळवदाचीं किलचनें, कौलांखालील फटी व जोत्याचे दगड यांत वर्षानुवर्षें उंदीर, पाली, विंचू, गोमा व क्वचित् सर्पही वस्ती करून असतात. भिंत शाबूत असेपर्यंत त्यांची व आपली गांठ फारशी पडत नाहीं. पहार लागली कीं आपल्याबरोबर तींही बेघर होतात, व अंधारी, कोरडी जागा शोधूं लागतात. विटांचा ढीग, रिकामीं पोतीं, उतरविलेले वासे आणि जमिनीवरील अंथरूण, या सर्व जागा त्यांच्या दृष्टीनें सारख्याच सोयीच्या असतात.

यांत सर्वांत भय मण्यारीचें. काळ्या अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे असलेला हा सर्प रात्रीं फिरतो, आणि जमिनीवर निजलेल्या माणसास झोपेंत चावतो. त्याचे दांत बारीक असल्यामुळें दंश पुष्कळदां समजत नाहीं व खूणही दिसत नाहीं. आपल्या देशांत इ. स. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानें सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला आहे. त्यांत खेड्यांतील माणसांचा भरणा मोठा आहे. नेपाळच्या आग्नेय तराईंत झालेल्या व २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत, मच्छरदाणींत निजणारांस सर्पदंशापासून चांगलें संरक्षण मिळतें असें आढळून आलें. डांसांसाठीं घेतलेली जाळी सर्पासही आडवी येते, ही गोष्ट शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

विंचवाची गोष्ट अशीच. लाल विंचवाच्या दंशानें हृदयावर ताण पडून लहान मुलें दगावूं शकतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून पुष्कळ प्राण वांचले. तथापि दंशच न होऊं देणें अधिक श्रेयस्कर.

खाट निवडण्याच्या कसोट्या

बाजारांत पुष्कळ प्रकार मिळतात. कोणताही घेतला तरी पुढील चार कसोट्यांस तो उतरला पाहिजे.

(१) उंची. निजण्याची पातळी जमिनीपासून निदान दीड फूट वर असावी. पाय गुळगुळीत लोखंडी नळीचे असल्यास उत्तम; खरबरीत लांकडावर विंचू सहज चढतो.

(२) बंदिस्तपणा. जाळी चारी बाजूंनीं गादीखालीं खोवतां आली पाहिजे. नुसती जमिनीपर्यंत लोंबणारी जाळी दिसण्यास मोठी, पण कामास अपुरी. तिच्याखालून वाट राहते.

(३) सुटसुटीतपणा. दुरुस्तीचें काम खोलीखोलीनें सरकतें व त्याबरोबर आपणांसही सरकावें लागतें. म्हणून घडी केलेली खाट एका माणसास, विशेषतः घरांतील बाईस, एकटीनें उचलतां आली पाहिजे. विकत घेण्यापूर्वीं घरांतील सर्वांत अरुंद दरवाजाचें माप बरोबर न्यावें. जुन्या वाड्यांचे दरवाजे अरुंद व उंबरे उंच असतात.

(४) हवा. उन्हाळ्यांत कोंदट साधन कितीही सुरक्षित असलें तरी मध्यरात्रीं माणूस त्यांतून बाहेर येऊन जमिनीवरच निजतो, व सर्व खर्च फुकट जातो.

प्रकार व त्यांचे गुणदोष

आपल्या घरचीच नवारीची किंवा सुतळीची खाट असल्यास तिच्या चार पायांस वेळूचे चार दांडे बांधून त्यांवर मच्छरदाणी ताणणें, हा सर्वांत स्वस्त व टिकाऊ उपाय होय. दोष एवढाच कीं ती जड असते व दांडे वरचेवर सोडावे लागतात. सुतळीची वीण मोकळी असते, म्हणून जाळी खोवण्यास खाटेवर जाड सतरंजी अथवा गादी अवश्य पाहिजे. नाहींतर डांस खालून चावतात.

नळीची घडीची खाट व तिच्यावर बसणारी जाळी ही जोडी दुरुस्तीच्या कामास सर्वांत सोयीची. दुकानांतच ती दोनतीन वेळां उघडून मिटून पाहावी, तिच्यावर बसून सांधे करकरतात काय हें पाहावें, व कापडाची शिवण दुहेरी आहे ना याची खात्री करून घ्यावी. बहुतेक खाटा एकाच माणसाच्या असतात. दोन मुलें एकीवर निजविल्यास मधली नळी वाकते.

पोलादी तारेची, तंबूसारखी उघडणारी मच्छरदाणी अलीकडे गांवोगांव विकावयास येते. तिचे दोन भेद आहेत, एक तळाचा व दुसरा बिनतळाचा. बिनतळाची जमिनीवर मुळींच वापरूं नये. ती खाटेवर किंवा पलंगावरच ठेवावी. तळाची असेल तर लहान मुलांस व म्हाताऱ्या माणसांस सोयीची पडते, मात्र तीही खाटेवर ठेवल्यास अधिक बरी. हिचें मर्म चेनींत आहे. धुळीनें चेन अडकते व दोन बोटें उघडी राहते. रोज सकाळीं कोरड्या कुंचल्यानें ती झाडावी.

मेणकापडाचा बंद तंबू पाऊस आल्यास उपयोगी. परंतु वैशाखांत त्यांत झोप येणें कठीण. वळवाच्या सरीची भीति असल्यास मच्छरदाणीच्या खाटेवर उंच ताडपत्री बांधावी, हें त्यापेक्षां बरें.

जाळीची परीक्षा

जाळीवर एक इंची चौकोन आंखून भोकें मोजावीं. एका बाजूस बारा व दुसऱ्या बाजूस तेरा, म्हणजे चौरस इंचांत १५६ भोकें, हें चांगल्या जाळीचें प्रमाण आहे. याहून विरळ जाळींतून बारीक डांस शिरतो. फार दाट जाळींत वारा खेळत नाहीं. रंग पांढरा असावा, म्हणजे आंत शिरलेला जीव उजेडांत दिसतो. कारखान्यांतच कीटकनाशक मुरविलेली जाळी मिळाल्यास ती प्रथम एक दिवस सावलींत टांगून मग वापरावी. ती वरचेवर धुऊं नये, धुतल्यास उन्हांत वाळवूं नये, व तिचें पाणी ओढ्यांत किंवा तळ्यांत सोडूं नये. तें माशांस मारक असतें. फाटलेली जागा त्याच दिवशीं शिवावी.

जागा व वापर

खाट भिंतीपासून हातभर दूर ठेवावी. अर्धवट पाडलेल्या भिंतीजवळ, उतरविण्याच्या छपराखालीं, विटा, लांकडें, कडबा किंवा धान्याचीं पोतीं यांच्या शेजारीं ती कधींही टाकूं नये. धान्य तेथें उंदीर व उंदीर तेथें सर्प, हें कोणास सांगावयास नको. पांघरुणाचा पदर जमिनीस टेकूं देऊं नये. जाळी दिवस मावळण्यापूर्वीं खोवावी, व निजण्यापूर्वीं बॅटरीच्या उजेडांत आंतील चारी कोपरे पाहावे. बॅटरी उशाशीं ठेवावी. रात्रीं उठतांना प्रथम जमीन पाहावी व पायतण झटकून मग पाय घालावा. जाळीजवळ चिमणी, उदबत्ती किंवा शेगडी नसावी.

बांधकामावर पाणी मारण्यासाठीं भरलेलीं पिंपें व हौद हें डांसांचें माहेरघर. हिंवताप पसरविणारा ॲनॉफिलीस जातीचा एक डांस अशा स्वच्छ सांठवणींतच अंडीं घालतो, व अंड्याचा डांस होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस पिंपें पूर्ण कोरडीं करावीं. डेंग्यूचा डांस दिवसा चावतो, यास्तव दुपारीं झोपणाऱ्या मुलांसही जाळींतच निजवावें.

एका खाटेची काटकसर

आमच्या घराचें माळवद उतरवितांना वरील बहुतेक काळजी मीं घेतली होती. घरांतील सहा माणसांसाठीं सहा खाटा आणल्या. सातवी आणली नाहीं. सिमेंट व लोखंडाच्या राखणीस आमचा जुना सालगडी अंगणांत पोत्यांवर निजत असे. "मला कशाला खाट, मालक? जमिनीशिवाय झोंप येत नाहीं," असें तो म्हणाला, आणि मला तें सोयीचें वाटलें म्हणून मीं पटवून घेतलें.

एके दिवशीं पहाटे तो पोट दुखतें म्हणून उठला. अंगावर खूण नाहीं, सूज नाहीं. आम्हीं अपचन समजून ओवा दिला. घटकाभरानें त्याच्या पापण्या मिटूं लागल्या व थुंकी गिळेना. तेव्हां गवंड्याच्या ध्यानांत आलें. त्यानें स्वतःच्या गांवीं असा प्रकार पाहिला होता. मांत्रिकाकडे न नेतां आम्हीं थेट जिल्ह्याच्या रुग्णालयांत नेलें. तेथें सर्पविषावरील लस दिली, श्वासासाठीं यंत्र लावलें, व चवथ्या दिवशीं तो स्वतः श्वास घेऊं लागला. त्याच सकाळीं पोत्यांच्या खालीं मण्यार सांपडली होती. तो वांचला, परंतु त्याची बायको चार दिवस रुग्णालयाच्या दाराशीं बसून होती, आणि तिनें मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. तो दोष माझ्या हिशेबांत लिहिलेलाच आहे.

यावरून दोन गोष्टी सांगतों. जमिनीवर निजलेल्या माणसास पहाटे कारणाशिवाय पोटदुखी, ओकारी, पापण्या जड होणें किंवा गिळण्यास त्रास झाल्यास, खूण दिसो वा न दिसो, मण्यारीचा संशय घ्यावा. आवळून बांधूं नये, कापूं नये, चोखूं नये; रोग्यास धीर देऊन, हालचाल करूं न देतां, १०८ ची गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनानें लस असलेल्या रुग्णालयांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारींवर एकच लस चालते. सर्प मारून नेण्यांत वेळ दवडूं नये.

दुसरी गोष्ट अंदाजपत्रकाची. घराच्या कामाचा खर्च मांडतांना सिमेंट व लोखंडाच्या बरोबरीनें खाटांचीही एक ओळ लिहावी. काम संपल्यावर त्या वायां जात नाहींत; खळ्यावर, उंसाच्या राखणीस व पाहुण्यांस वर्षभर उपयोगी पडतात. आणि खाटा मोजतांना राखणदाराची खाट प्रथम मोजावी.