स्टिअरिंगमागचे दोन कान

शोरूममधला विक्रेता स्टिअरिंगमागच्या दोन पट्ट्यांकडे बोट दाखवतो, ‘स्पोर्टी फील येतो, सर’ म्हणतो आणि लगेच सनरूफकडे वळतो. पॅडल शिफ्टरची ओळख बहुतेकांना एवढीच होते. गाडी घरी आली की आठवडाभर टकटक करून पाहायची आणि पुढे वायपर लावताना चुकून बोट लागलं तरच त्यांची आठवण यायची. ‘आपल्याला कुठे रेस लावायचीय?’ हे त्यावरचं ठरलेलं वाक्य, आणि सगळा घोळ याच वाक्यात आहे. पॅडल जन्मलं रेसच्या ट्रॅकवर हे खरं. पण रस्त्यावरच्या ऑटोमॅटिक गाडीत त्याचा खरा उपयोग होतो तो गाडी आवरायला.

रेसचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण गैरसमज तिथूनच आला. १९८९ साली जॉन बार्नर्ड या डिझायनरने फेरारीच्या ६४० या फॉर्म्युला वन गाडीतून गिअरचा दांडा काढून टाकला आणि स्टिअरिंगमागे पट्ट्या बसवल्या. दांडा आणि त्याच्या मागची जोडणी जागा खात होती. ती गेली तर गाडीचं अंग अरुंद करता येईल, असा त्याचा हिशेब होता. गिअर झटपट पडू लागले, हात स्टिअरिंगवरून सुटेना, आणि ब्राझीलच्या पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल ती गाडी घेऊन जिंकला. तिथे प्रत्येक गिअर चालकालाच सांगावा लागे. आपल्या ब्रेझात किंवा व्हर्नात ते काम गिअरबॉक्स आपणहून करत असतो. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला की तो स्वतःच दोन गिअर खाली येतो. त्यामुळे पॅडल मारल्याने इंजिनची ताकद वाढत नाही, आणि आजचे गिअरबॉक्स बहुतेक चालकांपेक्षा वेळेवर गिअर टाकतात.

दुसरी भीती नुकसानीची. ‘उगाच पॅडल मारलं तर गिअरबॉक्स बसेल.’ मॅन्युअल गाडीत चुकीचा गिअर पडला की जो खर्रर्र आवाज येतो, त्याची ही आठवण असावी. पण पॅडल कुठल्याही गिअरला हात लावत नाही. ते दाराच्या बेलसारखं साधं विजेचं बटण आहे. दार उघडायचं की नाही, हे आत बसलेला गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ठरवतो. शंभरच्या वेगात गिअर खाली घेणारं डावं पॅडल कितीही वेळा दाबा, पहिला गिअर मिळणार नाही. इंजिनला झेपणार नाही ती विनंती तो सरळ नाकारतो. उलट, वर घेतलेला गिअर तसाच ठेवून तुम्ही सिग्नलला थांबलात तर तो गुपचूप खाली येतो, गाडी बंद पडू देत नाही. पॅडल दाबताना पाय उचलायची गरज नाही आणि गाडी मॅन्युअलला टाकण्याचीही नाही. बहुतेक गाड्यांत ‘डी’मध्ये असतानाच पॅडल चालतं आणि काही वेळ हात लावला नाही की गाडी पुन्हा आपल्या मर्जीवर येते.

आता गाडी आवरण्याकडे येऊ. उतारावर गिअर खाली घेतला की इंजिनच गाडीला मागे ओढतं आणि ब्रेकचा भार हलका होतो. यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे: ब्रेक पॅड काही हजारांत बदलतात, गिअरबॉक्सचं काम निघालं तर लाखात जातं, मग स्वस्त वस्तू वाचवायला महाग वस्तू का झिजवायची? हिशेब बरोबर वाटतो, पण त्यात एक गृहीतक चुकलंय. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला मागे ओढतं तो जोर, हेच इंजिन पूर्ण ताकदीने गाडी पुढे ढकलतं त्या जोराचा लहानसा अंश असतो. घाट चढताना गिअरचे जे दाते तास न् तास भार वाहतात, त्यांना उतरताना त्याहून कितीतरी कमी काम पडतं. शिवाय प्रश्न पॅडच्या किमतीचा नाहीच.

प्रश्न उष्णतेचा आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना उंचीत सव्वा किलोमीटरचा फरक पडतो. माणसांसकट दीड टन वजनाची गाडी तेवढी खाली येते तेव्हा साधारण पाच युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पन्नास लिटरहून जास्त पाणी उकळेल एवढी ती असते. त्यातली बरीचशी टायर आणि हवा खातात. उरलेली कोण खाणार, एवढाच चालकाच्या हातातला निर्णय. ब्रेकने खायची म्हटली तर चाकांपाशी असलेल्या धातूच्या चकत्या तापत जातात आणि ती धग ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ४ प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळायला हवं असा दंडक आहे. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश धरली आहे. दोन पावसाळे काढलेल्या ऑइलची गोष्ट वेगळी होते ती इथे. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते. पेडल तळाला जातं, गाडी थांबत नाही. डाव्या पॅडलच्या दोन टिचक्या हीच ऊर्जा इंजिनाकडे वळवतात. तिथे ती उष्णता वाहून न्यायला रेडिएटर आधीच बसवलेला आहे.

‘पण आरपीएम वाढला म्हणजे पेट्रोल जास्त जळणार ना?’ चढावर हो, उतारावर नाही. गाडी गिअरमध्ये आहे, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नाही आणि चाकंच इंजिनाला फिरवतायत, अशा वेळी आजच्या गाड्यांत इंजेक्टर इंधन बंद करतात. काटा तीन हजारांवर असतो आणि खर्च शून्य. उलट पेट्रोल वाचवायला म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा माणूस इंजिन चालू ठेवण्यापुरतं पेट्रोल जाळत असतो आणि वर ब्रेक तापवत असतो. घाटांत ‘न्यूट्रलमध्ये वाहन चालवू नये’ असे फलक लावूनही ही काटकसर थांबलेली नाही, याचं नवल वाटतं.

आता उरतो सर्वांत खरा आक्षेप: गिअरबॉक्स एवढा हुशार आहे तर हे तोच का करत नाही? काही गाड्यांत करतोही; उतार ओळखून गिअर धरून ठेवतो. पण त्याला कळतं ते घडून गेलेलं: वेग वाढला, ब्रेक दाबला गेला. पुढचं वळण त्याला दिसत नाही. रोल्स-रॉइसने २०१३च्या रेथमध्ये उपग्रहाच्या मदतीने पुढचा रस्ता पाहून गिअर निवडणारी यंत्रणा दिली. बाकी बहुतेकांना ते काम बोटांनी करायचं आहे. दोनपदरी रस्त्यावर ट्रकमागे अडकलात तरी हेच. समोरचा रस्ता मोकळा होतोय हे तुम्हाला आधी दिसतं. तेव्हाच एक गिअर खाली घेतला तर पाय दाबल्यावर गाडी विचार करत बसत नाही.

मात्र ब्रेकला सुट्टी द्यायची नाही. पॅडलने वेग कमी होतो तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. पाठीशी गाडी चिकटलेली असेल तर ब्रेकला पाय लावून तिला कळवावं. ओल्या रस्त्यावर वळणातच गिअर खाली घेतला तर ओढणारी चाकं घसरू शकतात. आणि बहुतेक पॅडल्स स्टिअरिंगबरोबर फिरतात. नागमोडी वळणात चाक अर्धं फिरलं की डावं उजवीकडे जातं. म्हणून गिअर वळणाआधीच.

सीव्हीटी गाडीत गिअर नसतातच, तिथले ‘सात गिअर’ म्हणजे पट्ट्याच्या पुलीला ठरवून दिलेले सात थांबे. त्याला नाटक म्हणा हवं तर, पण उतारावरची ओढ खरीच असते. इलेक्ट्रिक गाडीतलं पॅडल तर गिअरचं नावच सोडून देतं. नेक्सॉन ईव्हीत ते मोटर किती जोराने उलटं काम करेल हे ठरवतं, आणि घाटाची ऊर्जा उष्णता न होता बॅटरीत परतते. फक्त महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंग करून सकाळी शंभर टक्के बॅटरीने घाट उतरायला निघालात, तर भरलेल्या बॅटरीत ती ठेवायला जागाच नसते. पॅडल दाबूनही ओढ जाणवत नाही, आणि पहिली काही वळणं ब्रेकवरच काढावी लागतात.