कमरपट्ट्याचा बंद

ग्वाल्हेर शहराचा जो भाग मराठी माणसाच्या विशेष परिचयाचा, त्याचे नावच मुळी ‘लष्कर’. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला. पुढे तंबूंच्या जागी वाडे उठले, फाळके बाजार, पाटणकर बाजार अशी पेठांची नावे रुजली, आणि छावणीचे शहर झाले तरी नाव मात्र छावणीचेच राहिले. छावणीत हात मोकळे असावे लागतात. त्यामुळे तलवारीचे म्यान काय, काडतुसांचे तोस्दान काय, शिपायाचे सारे सामान कमरेला नाही तर खांद्याला अडकविलेले असे. आणि ते अडकविण्याची सोय करणारा चर्मकार हा फौजेचा एक अवयवच होता. पुढे ग्वाल्हेर संस्थानात चामड्याचा आणि तंबूंचा कारखानाही चालत असे.

आज कमरेला तलवार नाही. परंतु वायरमनची पक्कड आहे, माळ्याची छाटणीची कात्री आहे, गवंड्याची मोजपट्टी आहे, घडीचा चाकू आहे. या वस्तूंना त्यांच्या आकाराचे चामड्याचे घर हाताने करून देणारे कारागीर अजून आहेत, आणि हौसेने घरी बसून असे काम करणाऱ्या तरुणांची संख्याही वाढते आहे. नव्या हाताला साचेबंद घर जमते, शिवण जमते, कडा गुळगुळीत करणेही जमते. फसगत होते ती त्या घराच्या पाठीवर असणाऱ्या चार बोटांच्या पट्टीपाशी. कमरेचा पट्टा जिच्यातून ओवायचा ती ही पट्टी, म्हणजेच बंद. घर पुरे झाल्यावर तिची आठवण होते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

हे असे का होते, ते समजण्यासाठी आधी चामड्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. बाभळीची साल, हिरडा अशा तुरट द्रव्यांनी कमावलेले चामडे पाण्याने भिजले की मऊ पडते, हाताच्या दाबाने हवे तसे वळते, आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. आपल्याकडे ही विद्या नवी नव्हे. तेला-तुपाचे जुने बुधले असेच होत: ओले कातडे मातीच्या साच्यावर ताणून वाळवावयाचे आणि मग आतली माती फोडून काढावयाची. कोल्हापुरी वहाणेचे चामडेही वनस्पतींच्याच द्रव्यांनी कमावलेले असते. उलट, क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे लवचीक आणि टिकाऊ असले तरी भिजवून वळविलेला आकार ते धरत नाही; वाळताच पूर्वपदावर येते. ग्वाल्हेरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेले आग्रा हे पादत्राणांचे मोठे केंद्र, आणि तिकडील बुटांच्या कामातले बरेचसे चामडे या दुसऱ्या जातीचे असते. तेव्हा बाजारातून उरलेला तुकडा स्वस्तात आणण्यापूर्वी त्याची कापलेली कड पाहावी. आतून निळसर-करडी दिसली तर तो साच्याच्या कामाचा नव्हे. तपकिरी असेल तर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो मुरून डाग गडद झाला की तुकडा बहुधा योग्य.

घराची रचना साधी असते. पुढचा तुकडा कोमट पाण्यात बुडवितात, बुडबुडे थांबले की बाहेर काढतात, आणि त्याचा मूळचा फिका रंग परत येऊ लागला की वस्तूवर किंवा त्याच आकाराच्या लाकडी ठोकळ्यावर बोटांनी दाबून बसवितात. वाळवावयाचे ते सावलीत. शेगडीजवळ ठेवले तर ओले चामडे आक्रसते आणि कडक होऊन तडकते. मागचा तुकडा सपाटच राहतो. हे दोन्ही तुकडे कडेने एकत्र शिवले की घर बंद होते. आणि एकदा ते बंद झाले की पाठीच्या आतील बाजूला सुई धरावयास बोटे पोहोचत नाहीत. म्हणून जो बंद वापरणाऱ्याला सर्वांत शेवटी दिसतो, तो कारागिराने सर्वांआधी, पाठ अजून सुटी आणि सपाट असतानाच, शिवून टाकावयाचा असतो. कामाचा सारा क्रम या एका गोष्टीवर उभा आहे.

बंद शिवण्याआधी माप घ्यावे, आणि ते ज्याच्या कमरेला घर लागणार त्याच्याच पट्ट्याचे. समजा, पट्टा ४० मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड आहे. वर-खाली दोन-दोन मिलिमीटरची मोकळीक धरली तर बंदाच्या दोन शिवणींमध्ये ४४ मिलिमीटर अंतर हवे. परंतु बंदाची पट्टीही तेवढीच ठेवली तर ती पाठीला चिकटून बसेल आणि पट्टा आत शिरणारच नाही. पट्टीला एका टोकाशी पट्ट्याच्या जाडीइतके वर चढावयाचे असते आणि दुसऱ्या टोकाशी तितकेच उतरावयाचे असते. म्हणून मधला भाग ४४ अधिक ८, म्हणजे ५२ मिलिमीटर. दोन्ही टोकांना शिवणीसाठी २४-२४ मिलिमीटर धरले की एकंदर लांबी १० सेंटिमीटर होते. हा मधला फुगवटा पट्टी ओली असतानाच पट्ट्याच्या जाडीच्या लाकडी चिपेवर वळवून घ्यावा. मोकळीक फार ठेवण्यात औदार्य नाही. रुंद बंदात अरुंद पट्टा घातला की घर चालताना डुलते, आणि डुलणारी शिवण आज ना उद्या उसवते.

पट्टी कातड्याच्या कोणत्या भागातून कापली आहे, यालाही महत्त्व आहे. पोटाकडचे कातडे सैल असते, ते ताणाने लांबत जाते. पाठीचे घट्ट असते, आणि त्यातही कण्याच्या दिशेने ते सर्वांत कमी ताणते. म्हणून बंद पाठीच्या चामड्यातून, कण्याला समांतर कापावा. उरलेल्या चिंध्यांतून बंद काढण्याचा मोह पुष्कळांना होतो. सबंध घराचे वजन ज्याने पेलावयाचे त्यालाच उरलेसुरले द्यावे, हा न्याय उलटाच म्हटला पाहिजे! टोके मात्र रापीने तासून उतरती करावीत, म्हणजे ती पाठीवर उंचवटा न करता मिळून जातात.

शिवण मशीनची नको, जीन-खोगीर शिवणाऱ्यांची दोन सुयांची असावी. मशीनच्या शिवणीत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. त्यांपैकी एक तुटला की शिवण सुटत जाते. हातशिवणीत आरीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून एकाच दोऱ्याची दोन्ही टोके समोरासमोरून जातात, त्यामुळे एका बाजूचा टाका झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून राहतो. दोरा मेण लावलेला, तागाच्या जातीचा किंवा पॉलिएस्टरचा. टाक्यांमध्ये तीन-चार मिलिमीटर अंतर पुरते. जवळजवळ टाके म्हणजे मजबुती, ही समजूत चुकीची आहे. टपालाची तिकिटे सहज फाटावीत म्हणूनच त्यांच्यामध्ये भोकांची ओळ पाडतात. वजनाच्या आडव्या दिशेने दाट भोके पाडली तर चामड्याचेही तेच होते. म्हणून शिवण बंदाच्या टोकाशी चौकोनी फिरवावी, तिचे कोपरे गोल ठेवावेत, आणि वरच्या ओळीच्या दोन्ही शेवटांशी दोन-तीन टाके उलटे घ्यावेत. ओढ पहिल्यांदा बसते ती वरच्या ओळीवर. ही वरची ओळ घराच्या तोंडाजवळ ठेवावी. ती खाली घेतली तर पक्कडीसारखी वरून जड वस्तू बाहेरच्या बाजूला कलते, आणि वाकताच निसटते. आतील टाके बारीक खाच पाडून तिच्यात बसवावेत आणि हातोडीने ठोकून सपाट करावेत. नाही तर चाकूचे पाते येता-जाता स्वतःच्याच घराची शिवण कापते.

रिवेटने हे सारे पाच मिनिटांत होते, असे पुष्कळांचे म्हणणे असते. काम होते हे खरे. पण लोखंडी रिवेट या चामड्यात ओलीने गंजला की भोवताली काळा डाग पसरतो. हिरडा आणि हिराकस यांची शाई ज्या कारणाने काळी होते तेच कारण येथेही. पितळ आणि तांबे चामड्यातील तेलाने कळकतात व हिरवी पूड धरतात. शिवाय रिवेटचे डोके आतल्या वस्तूवर ओरखडे काढते ते वेगळेच. घालावयाचाच असेल तर तांब्याचा घालावा, आतून पातळ अस्तर द्यावे, आणि शिवणीला पूरक म्हणून घालावा, शिवणीऐवजी नव्हे.

आता ज्याचे घर आधीच शिवून झाले, त्याने काय करावे? पाठीवर नुसत्या सोल्यूशनने बंद चिकटवू नये; चिकटपणा चामड्याच्या वरच्या पापुद्र्याला धरतो, आणि तो पापुद्राच सुटून येतो. कडेची शिवण उसवून पाठ मोकळी करणे हा सरळ उपाय होय, आणि जुन्याच भोकांतून पुन्हा शिवता येते. ते नको असेल तर पाठीच्या आकाराचा, दोन्ही बाजूंना थोडा मोठा असा नवा तुकडा घ्यावा, त्यावर बंद आधी शिवावा, आणि मग तो घराच्या कडेने, मूळ शिवणीच्या बाहेर उरलेल्या काठावर, शिवून टाकावा. काठ पुरेसा नसेल तर उसविण्यावाचून गत्यंतर नाही.

हेच काम घेऊन गिऱ्हाईक जेव्हा रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या कारागिराकडे जाते, तेव्हा ‘नुसती एक पट्टी तर लावायची आहे’ या शब्दांनी घासाघीस सुरू होते. त्या पट्टीसाठी उसवणे, तासणे, भोके पाडणे आणि दोनदा शिवणे आले, हे सांगत बसण्याइतका वेळ त्याच्यापाशी नसतो. मग तो दोन रिवेट ठोकून देतो. पुढे विजेच्या खांबावर चढलेल्या माणसाच्या कमरेची पक्कड खाली उभ्या असलेल्या सोबत्याच्या डोक्यावर पडली, तर ती घासाघीस कोणाला आठवत नाही.

तयार घर कमरेला लावण्यापूर्वी एक परीक्षा घरीच घेता येते. पट्टा बंदातून ओवून खुंटीला टांगावा, घरात त्याची वस्तू ठेवावी, खाली तिच्या दुप्पट वजनाची पिशवी बांधावी आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. सकाळी वरच्या ओळीची भोके गोलच दिसली तर काम चांगले झाले. ती लांबट झाली असतील तर बंद उसवून दुसऱ्या, घट्ट चामड्याचा लावावा.