वाकलेल्या जाळीचे चित्र

पुलाची तुळई भाराखाली २ मिलिमीटर लवली, तर ते डोळ्यांना दिसत नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र तीच तुळई झोळीसारखी लोंबू लागते. नवख्याला धडकी भरावी असे हे चित्र. पण त्यात लबाडी नाही. फायनाइट एलिमेंट पद्धतीत वस्तूचे लहान लहान घटक कल्पून त्यांची त्रिमितीय जाळी विणतात. जाळीची प्रत्येक गाठ किती सरकली याचे गणित झाले, की पॅराव्ह्यूसारखी आज्ञावली ते सरकणे सांगाल तितक्या पटीने वाढवून चित्र काढते. पट १०० धरली, तर २ मिलिमीटरचे २० सेंटिमीटर होतात. पट न लिहिलेले असे चित्र म्हणजे प्रमाण न दिलेला नकाशाच. शेजारी मूळ आकार पुसट रेषांनी दाखविला, तर फारच उत्तम.

परंतु वाचकहो, जाळीच ओबडधोबड असेल, तर चित्र देखणे दिसूनही आतील प्रतिबलाचा आकडा फसवितो. नॉर्वेत स्टाव्हांगरनजीकच्या खाडीत २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर-ए या सागरी वायुमंचाचा काँक्रीटचा प्रचंड पाया चाचणीच्या वेळी बुडाला. त्याच्या कोठ्या जेथे एकमेकींस भिडतात, तेथील जाळी विरळ व वेड्यावाकड्या घटकांची होती. त्यामुळे भिंत कापू पाहणारे प्रतिबल सुमारे ४७ टक्के कमी धरले गेले व भिंती पातळ राहिल्या. सळयांची बांधणीही अपुरी होती. पुढे दाट जाळीने पुन्हा गणित केले, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती.