सैल पहाऱ्याचं वेळापत्रक

३ डिसेंबर १९६७ रोजी केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी लुई वॉशकान्स्की यांना दुसऱ्याचं हृदय बसवलं. अठराव्या दिवशी ते गेले, ते न्यूमोनियाने. नवं हृदय शेवटपर्यंत नीट चालत होतं.

परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दाबावी लागते. जास्त दाबली तर जंतूंचं फावतं, कमी दाबली तर अवयव हातचा जातो. म्हणूनच किडनी ट्रान्सप्लांटचा पेशंट तपासणीला येतो तो प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमसची सकाळची गोळी न घेता. रात्रीच्या गोळीला बारा तास झाले की जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त काढतात आणि मगच सकाळची गोळी देतात. या रक्तातली औषधाची ‘लेव्हल’ पाहून पुढचा डोस ठरतो.

कोणता जंतू केव्हा उठेल, याचाही अंदाज असतो. पहिल्या महिन्यात भीती ऑपरेशनच्या जखमेची, लघवीच्या नळीची, हॉस्पिटलमधल्या हट्टी जंतूंची. पुढचे पाच महिने सर्वांत नाजूक. शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडलेला सायटोमेगॅलो विषाणू याच काळात डोकं वर काढतो. त्याच्यासाठी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर आणि न्यूमोसिस्टिस बुरशीच्या न्यूमोनियासाठी कोट्रायमॉक्साझोल आधीपासूनच सुरू असतं. सहा महिन्यांनंतर सगळं सुरळीत असेल, तर धोका मुख्यतः घरीदारी फिरणाऱ्या फ्लूसारख्या आजारांचा. कांजिण्या, गोवर यांच्या जिवंत लसी ऑपरेशनच्या आधीच उरकतात, नंतर त्या देत नाहीत. फ्लूचं निष्क्रिय लसीचं इंजेक्शन मात्र दरवर्षी चालतं.

भारतात या वेळापत्रकात टीबी कुठेही घुसतो. खोकला नाही, नुसता बारीक ताप आणि उतरणारं वजन, एवढंच दिसू शकतं. उपचारातही मेख आहे. टीबीवरच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे यकृत टॅक्रोलिमस झपाट्याने निकामी करतं आणि लेव्हल कोसळते. त्यामुळे डॉक्टर एकतर टॅक्रोलिमसचा डोस बराच वाढवतात, नाहीतर रिफाम्पिसिन टाळून दुसरी औषधं जुळवतात.

घरी पथ्यं साधीच: उकळलेलं पाणी, रस्त्यावरच्या पाणीपुरीला नकार, कुंडीतल्या मातीला हातमोजे, कबुतरांच्या विष्ठेपासून लांब. खरा घोळ होतो तो गल्लीतल्या मेडिकलमध्ये. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा गजकर्णासाठी फ्लुकोनॅझोल सहज मिळतं, आणि दोन्हींनी टॅक्रोलिमसची लेव्हल भलतीच चढते. म्हणून कोणतीही नवी गोळी, मग ती कितीही किरकोळ वाटो, ट्रान्सप्लांट केंद्राला फोन करूनच घ्यावी.